नुसते शेल बदलून भागेल का? (ट्रॅक्टर दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आमचा दोन सिलिंडरचा, पंचवीस एचपीचा जुना ट्रॅक्टर आहे. इंजिन तापले की स्लोवर (रेस न देता) ऑइलच्या दाबाचा काटा शून्याजवळ जातो. रोटाव्हेटर लावला की खालून जड ठोके ऐकू येतात. मेकॅनिक म्हणतात, चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवून खालूनच नवे शेल (क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, ज्यात फिरतो त्या बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) टाकू, एका दिवसात ट्रॅक्टर शेतात. तसे करावे का?
– द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : आधी ट्रॅक्टर कामावरून काढा. ठोके येत असताना आणखी चार दिवस फवारणी उरकली आणि कनेक्टिंग रॉडचा शेल जागेवर फिरला, तर रॉड तुटून ब्लॉक फोडू शकतो. मग दुरुस्तीला काही उरत नाही.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर भरवसा ठेवून इंजिन उघडू नका. सेन्सरच्या जागी साधे यांत्रिक गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम करून पाहा. अशा इंजिनांत भरधाव वेगाला साधारण २.५ ते ४ किलो दाब मिळायला हवा. स्लोवर तो एक किलोच्या बराच खाली जात असेल, तर बेअरिंग, ऑइल पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी गेले आहे. मग स्लोवर एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करा. ज्या सिलिंडरचे डिझेल तोडल्यावर ठोका मंदावतो, त्याचे बिग एंड (कनेक्टिंग रॉडचे क्रँककडचे बेअरिंग) संशयित धरा. फरक पडत नसेल आणि आवाज खोल, बोजड असेल, तर मेन बेअरिंगकडे (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या) पाहा. नट सैल करताना त्यावर फडके ठेवा. डिझेलच्या धारेसमोर हात नेऊ नका, त्या दाबाने ते कातडीत घुसते.

आता खालून शेल टाकण्याबद्दल. काही ट्रॅक्टरांत चेंबर बिडाचे असते आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा भार त्यावर असतो, तिथे हा बेत तसाही जमत नाही. जिथे चेंबर उतरते, तिथे बिग एंडचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) जागेवर मोजता येते. मेन जर्नल मात्र क्रँक बाहेर काढल्याशिवाय नीट मोजता येत नाही. झिजलेल्या, अंडाकार झालेल्या जर्नलवर कोरा शेल टाकला की तो फक्त उंचवट्यावर टेकतो, तेवढ्यात तेलाचा थर फाटतो आणि महिन्याभरात ठोका परत येतो. म्हणून तुमच्या लक्षणांवर इंजिन पूर्ण खोलून क्रँक काढणे हेच योग्य आहे. बहुतेक ट्रॅक्टरांचे इंजिन चेसिसमध्ये बसवलेले नसते, ते स्वतःच सांगाडा असते. गिअरबॉक्सपासून वेगळे करताना दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी ठोकळे व स्टँड लावा, पुढच्या अ‍ॅक्सलला दोन्हीकडून पाचर मारा. नुसत्या जॅकवर काम करू नका.

खोलताना प्रत्येक कॅपवर (बेअरिंगचा नटांनी आवळलेला खालचा अर्धा) नंबर आणि दिशा आहे का ते बघा, नसेल तर पंचाने खूण करा. कॅप आपापल्या जागी बसवूनच बोअर केलेला असतो, अदलाबदल चालत नाही. जुने शेलही फेकू नका, त्यांच्यावर बिघाडाचे कारण लिहिलेले असते. रॉडचा वरचा अर्धा आणि मेनचा खालचा अर्धा जास्त झिजणे स्वाभाविक आहे, स्फोटाचा दाब तिथेच येतो. पण गोल ओरखडे आणि रुतलेले कण दिसले तर धूळ, म्हणजे एअर क्लीनर किंवा ऑइल फिल्टर. करडे, खवल्यांसारखे खड्डे दिसले तर जुने आम्लयुक्त ऑइल किंवा त्यात मिसळलेले डिझेल-पाणी. तांबूस धातू वितळून ओढलेला असेल तर तेल पोहोचलेच नाही. शेलच्या समोरासमोरच्या कडाच घासल्या असतील तर रॉड वाकडा आहे, तो तपासल्याशिवाय परत बसवू नका. हे कारण न शोधता जोडलेले इंजिन त्याच वाटेने जाते. ऑइलची पातळी डिपस्टिकवर आपोआप वाढत होती का, हेही आठवा. फीड पंप, फ्युएल पंप किंवा नोझल गळत असेल तर डिझेल चेंबरमध्ये उतरते.

प्रश्न : क्रँक ग्राइंडिंगला देताना किती साइज घ्यायची? दुकानदार म्हणतो, सरळ ०.५० (मिमीने कमी) करा.
– ट्रॅक्टर मालक, बार्शी

उत्तर : साइज मायक्रोमीटर ठरवतो. प्रत्येक जर्नल दोन्ही टोकांना, आणि प्रत्येक टोकाला काटकोनात दोनदा मोजा. दोन आडव्या-उभ्या मापांतला फरक म्हणजे अंडाकारपणा, दोन टोकांतला फरक म्हणजे निमुळतेपणा. यांपैकी काहीही ०.०५ मिमीच्या पुढे गेले किंवा नखाला अडकतील असे ओरखडे असले, तर ग्राइंडिंग करावेच. ६० मिमीच्या जर्नलवर ०.२५ मध्ये खुणा निघत असतील तर ५९.७५ वर थांबा. पुढच्या वेळेसाठी धातू शिल्लक राहतो. शेल ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अंडरसाइजमध्ये मिळतात आणि माप पाठीवर छापलेले असते. तुमच्या मॉडेलचा त्या मापाचा सेट हातात आल्याशिवाय क्रँक मशीनवर चढवू देऊ नका.

ग्राइंडिंगवाल्याला चार गोष्टी आधीच सांगा. क्रँकला तडे आहेत का, ते चुंबकीय तपासणीने पाहावे. जर्नलच्या कडेची गोलाई मूळ त्रिज्येइतकीच ठेवावी. कोपरा टोकदार राहिला तर क्रँक बरोबर तिथेच तुटतो, आणि गोलाई जास्त झाली तर शेलची कड त्यावर चढते. तेलाच्या छिद्रांच्या तीक्ष्ण कडा बोथट करून शेवटी पॉलिश करावे. क्रँक नायट्राइड केलेला (नायट्रोजनने पृष्ठभाग कठीण केलेला) असेल तर कठीण थर फार पातळ असतो, तेव्हा ग्राइंडिंगनंतर पुन्हा नायट्राइडिंग लागेल का ते विचारावे.

क्रँक परत आल्यावर त्यातल्या तेलवाटांचे प्लग काढून ब्रश फिरवा, डिझेलने धुवा, हवा मारा. ब्लॉकच्या गॅलरीलाही (तेलवाटांनाही) हेच. जुन्या शेलचा भुगा आणि ग्राइंडिंगची धूळ आतच बसलेली असते, आणि पहिल्या दहा मिनिटांत नवे बेअरिंग खाते. घाई करणाऱ्याच्या हातून नेमकी हीच पायरी सुटते.

प्रश्न : बेअरिंगची फट घरी कशी तपासावी? शेल ढिला वाटला तर पाठीमागे कागद किंवा पातळ पत्रा टाकतात, ते चालते का?
– शेतकरी, शिरोळ

उत्तर : अजिबात नाही. शेलची पाठ ब्लॉकला घट्ट चिकटली तरच उष्णता बाहेर जाते. कागदाने ती अडते, आणि शेल काही काळाने फिरतो. कॅप घासून फट कमी करणे त्याहून वाईट, त्याने बोअरच गोल राहत नाही. शेल दाबून बसवल्यावर कडा कॅपच्या पातळीपेक्षा किंचित वर दिसतात, ती उंची घासू नये. त्याच दाबाने शेल जागी राहतो.

फट मोजायला प्लास्टिगेजची (दाबली की चपटी होणाऱ्या मऊ प्लास्टिकची) हिरवी दोरी वापरा, ती ०.०२५ ते ०.०७६ मिमीसाठी आहे. त्याहून जास्त फटीला लाल. जर्नल व शेल कोरडे पुसा, तुकडा क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप पुस्तिकेतल्या टॉर्कवर आवळा आणि क्रँक हलू देऊ नका. कॅप काढून चपटी झालेली रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवा. साधारण अंदाज असा, की दर मिमी व्यासाला ०.००१ मिमी. म्हणजे ६० मिमीला ०.०६. अंतिम आकडा तुमच्या इंजिनच्या पुस्तिकेतलाच. मग दोरी पूर्ण पुसा, शेलला ऑइल लावा, नट तीन टप्प्यांत आवळा आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून पाहा. कुठे जड झाला तर पुढे जाऊ नका. थ्रस्ट वॉशरच्या (क्रँकची पुढे-मागे हालचाल रोखणाऱ्या) तेलाच्या खाचा क्रँकच्या बाजूला यायला हव्यात. ही हालचाल डायल गेजने बहुतेक इंजिनांत ०.१० ते ०.३० मिमी येते.

प्रश्न : नव्याने जोडलेले इंजिन पहिल्यांदा सुरू करताना काय पाहावे?
– वाचक, कळंब

उत्तर : फिल्टर ऑइलने भरून बसवा. स्टॉप लिव्हर ओढून ठेवून स्टार्टर दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती देत मारा, काटा उठेपर्यंत. काटा उठल्यावरच डिझेल द्या. सुरू झाल्यावर अर्धा तास मध्यम वेगावर, गळती बघत. पहिले पन्नास तास हलके ते मध्यम काम. रोटाव्हेटरला इंजिन दाबून खेचायला लावू नका, आणि उगाच स्लोवर तासन्‌तासही ठेवू नका, लाइनर (सिलिंडरची आतली नळी) गुळगुळीत होऊन इंजिन ऑइल खाऊ लागते. पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, फिल्टर कापून पाहा. बारीक चमकदार भुकटी थोडी चालते, तांबूस कणी दिसली तर लगेच चेंबर उतरवा.