बेचक्यातली चीर, पोकळ खोड आणि कललेला बुंधा

या वेळी आलेल्या प्रश्नांत कीड-रोगापेक्षा झाडाच्या सांगाड्याबद्दलचे प्रश्न जास्त आहेत. बहुतेकांनी शेवटी "कोणतं औषध मारू?" असं विचारलंय. यातल्या एकाही दुखण्यावर फवारणी लागू पडत नाही. करवत कुठे चालवायची आणि कुठे हात आखडता घ्यायचा, एवढाच यात विचार आहे.

प्रश्न : झाड कमरेच्या उंचीवर दोन सारख्याच जाडीच्या खोडांत फुटलं आहे. बेचक्यात काळी रेघ दिसते, पावसानंतर तिथून पाणी झिरपतं. झाड फाटेल का?

फाटू शकतं. किती जपायचं ते बेचकं जवळून पाहिल्यावर ठरेल. दोन खोडांच्या मधली साल वर उचलून तिची उंच वळी झाली असेल, तर आतली लाकडं एकमेकांत नीट गुंतलेली आहेत असं समजा. उलट साल आत दुमडून गेली असेल, मध्ये अरुंद फट असेल आणि फटीच्या दोन्ही अंगांना खोड फुगलेलं असेल, तर तिथे जोड नाहीच. दोन्ही खोडं दरवर्षी जाड होतात, मधली साल चेपली जाते आणि लाकडाला लाकूड मिळत नाही. वरून एकसंध दिसणारं झाड वादळात नेमकं तिथेच उभं चिरतं. बाजूची फांदी खोडाच्या निम्म्यापेक्षा बारीक असेल, तर खोडाचं लाकूड तिला दरवर्षी वेढून घेतं आणि पकड पक्की होते. दोघं बरोबरीचे झाले की हे घडत नाही.

उपाय वयावर ठरतो. खोडं मनगटापेक्षा बारीक असतील तर सरळ असलेलं ठेवा, दुसरं काढून टाका. त्याहून जाड असतील तर एकदम कापू नका. एकाला पुढारी ठरवा आणि दुसऱ्याचा शेंडा साधारण एक तृतीयांशाने खाली आणा. काप अशा बाजूच्या फांदीवर घ्या, जिची जाडी कापलेल्या भागाच्या निदान एक तृतीयांश असेल. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. मागे पडलेलं खोड हळूहळू फांदीसारखं वागू लागतं. कोणत्याही वर्षी जिवंत पानोऱ्याचा चौथ्या हिश्शापेक्षा जास्त भाग काढायचा नाही, आणि झाड जुनं असेल तर त्याहूनही कमी.

झाड पूर्ण वाढलेलं असेल तर एक खोड कापण्याचा मोह टाळा, कारण ती जखम झाडाला झेपत नाही. बाहेरच्या टोकांचं वजन थोडं हलकं करा. बेचक्यापासून शेंड्यापर्यंतच्या उंचीच्या दोन तृतीयांशावर पोलादी दोराने दोन्ही खोडं बांधता येतात, पण ते झाडावर काम करणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्या आणि दोर दरवर्षी तपासा. खोडाभोवती तार किंवा साखळी गुंडाळणं हा उपाय नाही. दोन-चार वर्षांत ती सालीत रुतते आणि अन्नरसाची वाट बंद करते. चीर ताजी असेल, आतलं पांढरं लाकूड दिसत असेल किंवा वाऱ्यात ती उघडझाप करत असेल, तर झाडाखाली कोणालाही थांबू देऊ नका. तिथे सल्ल्याची वेळ निघून गेलेली असते.

प्रश्न : मोठी फांदी कापल्यावर डांबर किंवा रंग लावला तर जखम लवकर भरते का?

नाही. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. कुजलेलं लाकूड पुन्हा निरोगी होत नाही. झाड त्याच्याभोवती भिंती उभारतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडं उभी चिरून हे दाखवलं आणि 1970च्या दशकात ते मांडलं. डांबराने ओल आत कोंडते, सड थांबत नाही. बोर्डो पेस्ट ही वेगळी गोष्ट आहे. मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर या प्रमाणातली पेस्ट डिंक्यासारख्या (खोडातून डिंक गळणाऱ्या) बुरशीजन्य रोगावर उपयोगी पडते, म्हणून त्या रोगाला बळी पडणाऱ्या फळझाडांवर जरूर लावा. मात्र चुकीच्या जागी घेतलेला काप तिने दुरुस्त होत नाही.

म्हणून काप घेण्याची जागा महत्त्वाची. फांदी खोडाला मिळते तिथे थोडा फुगीर पट्टा असतो. झाडाच्या भिंती तिथूनच उभ्या राहतात. काप त्या पट्ट्याच्या अगदी बाहेर घ्या. खोडाला घासून घेतला तर पट्टा जातो. खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि सड आत नेतो. जड फांदी तीन कापांत उतरवा. पहिला खोडापासून साधारण 30 सेंमी अंतरावर, खालच्या बाजूने, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून. फांदी साल न ओरबाडता खाली येते. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने पट्ट्याबाहेर काढा. रोगट झाडानंतर करवत 70 टक्के अल्कोहोलने पुसून घ्या.

सगळे शेंडे एका रेषेत उडवण्याची पद्धत तर बंदच करा. तिथून फुटणारे धुमारे वरवरच्या सालीतून येतात, झपाट्याने वाढतात आणि जाड झाल्यावर जोडापासूनच निखळतात. झाड आटोक्यात आल्याचं समाधान काही महिनेच टिकतं.

प्रश्न : खोडाला ढोली पडली आहे. सिमेंट भरू का?

सिमेंटचा हट्ट सोडा. झाड वाऱ्यात लवतं, सिमेंट लवत नाही. कडा घासतात, ओल मागे साचते. पाणी काढायला खोडाला भोक पाडणंही टाळा, कारण झाडाने उभारलेली भिंत त्याने फुटते. ढोली असली म्हणजे झाड मेलं असं नाही. बाहेरचं निरोगी लाकूड चारही बाजूंनी खोडाच्या त्रिज्येच्या निदान एक तृतीयांश असेल, तर झाड बहुधा तग धरतं. ढोलीला मोठं उघडं तोंड असेल तर मात्र हा हिशोब लागू होत नाही. लाकडी हातोड्याने बुंधा वाजवत फिरा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक लगेच कळतो. बुंध्याशी किंवा मुळांवर अळंब्या उगवत असतील तर ते ढोलीपेक्षा गंभीर माना, कारण झाड जिथून उभं आहे तिथेच सड पोचलेली असते.

प्रश्न : एका बाजूच्या फांद्या वाळत आहेत. खोडावर कीड नाही, पाणीही पुरेसं आहे.

बुंधा पाहा. निरोगी झाड जमिनीशी रुंदावत जातं. एका बाजूने ते खांबासारखं सरळ मातीत शिरत असेल, तर आत एखादं मूळ खोडाला वेढून आवळत असावं. पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपांत हे नेहमी आढळतं. माती हाताने किंवा लहान खुरप्याने सावकाश बाजूला करा, मूळ सापडलं की पटाशीने कापा, खोडाला धक्का न लावता. मूळ खोडात रुतलेलं असेल तर ते ओढून काढू नका, दोन्ही टोकांना तोडून जागीच सोडा. आच्छादन घालताना खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवा.

प्रश्न : झाड एका बाजूला कललं आहे.

जुना कल असेल तर खोड वर वळून शेंडा सरळ झालेला दिसतो. त्याची घाई नको. अलीकडचा असेल तर कलाच्या विरुद्ध बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली दिसते, म्हणजे मुळं सुटली आहेत. लहान रोप सरळ करून आधारकाठी देता येईल. बांधणी उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात, रुंद आणि सैल पट्टीची असावी. खोड थोडं हललं तरच ते जाड होतं. वर्षभरात काठी काढून टाका.