वाचकांचे प्रश्न : ‘तुंबाड’विषयी दोन तट

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपटगृहांत त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा लागला आणि या दुसऱ्या खेपेला त्याने पहिल्या वेळेच्या दुपटीहून अधिक कमाई केली. तेव्हापासून या सदराकडे त्याविषयीची पत्रे येत आहेत आणि त्यांत एकवाक्यता मुळीच नाही. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात अशी : पूर्तीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर हा सोने आणि धान्य दोन्हींच्या लोभाने इतर देवांच्या कोपाला बळी पडतो. त्याची कधीही पूजा होणार नाही या अटीवर देवी त्याला वाचवते आणि आपल्या गर्भात झोपवून ठेवते. तुंबाड गावातला एक ब्राह्मण मुलगा, विनायक, मोठा होऊन गावातल्या जुन्या वाड्याच्या विहिरीवाटे त्या गर्भात उतरतो आणि हस्तरच्या लंगोटीतली सोन्याची नाणी चोरू लागतो. पुढील उत्तरांत शेवटही उघड झाला आहे, हे चित्रपट पाहायचा असलेल्यांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न (नाशिक) : भयपट म्हणून मोठ्या अपेक्षेने गेलो, पण एकदाही भीती वाटली नाही. अंधार, चिखल आणि पाऊस यांपलीकडे फारसे काही घडत नाही असे वाटले. शेजारी बसलेली माझी मुलगी मात्र भारावून गेली होती. एकाच चित्रपटाविषयी इतकी टोकाची मते कशी होतात?

उत्तर : आपली तक्रार अनेकांनी केली आहे आणि ती निराधार नाही. भयपटात आपण ज्याच्या डोळ्यांनी पाहतो तो माणूस सहसा भ्यालेला असतो, आणि त्याची भीती आपल्यात उतरते. ‘तुंबाड’च्या पहिल्या भागात, १९१८ सालात, तसेच घडते. साखळदंडाने बांधलेली म्हातारी, तिला झोपेतच भरवण्याची आईची ताकीद, आई घरी नसताना ती जागी झाल्यावर एकट्या पडलेल्या मुलाची उडालेली गाळण, आणि हस्तरचे नाव घेताच तिचे पुन्हा निद्रिस्त होणे हा भाग न आवडलेला वाचक मला अद्याप भेटलेला नाही. पुढे मात्र विनायक मोठा होतो आणि भिणे जवळजवळ सोडून देतो. तो विहिरीवाटे गर्भात उतरतो ते रोजच्या कामाला निघालेल्या माणसासारखा. दोर बांधायचा, खाली पिठाचे रिंगण आखून आत उभे राहायचे, कणकेची बाहुली पुढे टाकायची, धान्याचा भुकेला हस्तर तिच्यावर तुटून पडला की तेवढ्या क्षणांत लंगोटीला हात घालून नाणी पाडायची आणि वर चढायचे. हे सारे इतक्या बारकाईने, हत्यारे आणि हातांच्या हालचालींसकट दाखवले आहे की आपण दचकण्याऐवजी त्याची हातोटी पाहू लागतो. आपली भीती येथेच ओसरली असावी.

माझ्या मते ती ओसरत नाही, दुसऱ्या ठिकाणी जाते. पुण्याला निघताना आईने मुलाकडून तुंबाडला पुन्हा न येण्याचे वचन घेतलेले असते. तोच मुलगा बाप झाल्यावर आपल्या पायाने अधू असलेल्या मुलाला, पांडुरंगाला, दोर धरून उतरायला शिकवतो. पहिल्या उतरणीला बाहुली न्यायची नाही असे ठरलेले असताना पोरगा बापाला खूश करण्यासाठी ती लपवून नेतो आणि दोघांचाही जीव जाता जाता वाचतो. त्या दृश्यात मला हस्तरपेक्षा त्या मुलाच्या चेहऱ्यावरची उत्सुकता अधिक भयंकर वाटली. ज्याला पोराच्या त्या उत्साहात धोका दिसतो तो या चित्रपटाने झपाटला जातो, आणि जो भुताची वाट पाहत बसतो त्याला उत्तरार्ध रिकामा वाटतो. आपली मुलगी बहुधा पहिल्या प्रकारातली असावी. पुण्यातल्या सावकाराचे उपकथानक मात्र सैल आहे, त्यामुळे तेथे कंटाळा आला असेल तर त्याचा दोष प्रेक्षकाकडे जात नाही.

एक व्यावहारिक बाबही सांगायला हवी. छायालेखक पंकज कुमार यांनी बराचसा चित्रपट कंदिलाच्या उजेडाचा आणि ढगाळ दिवसाचा भास राखून टिपला आहे. याच कामासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मंद प्रकाशझोताच्या चित्रपटगृहात किंवा दिवसाउजेडी मोबाइलवर पाहिला तर त्यातला निम्मा तपशील काळ्या रंगात बुडून जातो. चित्रपट पाहून ‘काही दिसतच नाही’ असे कळवणाऱ्यांनी तो कोठे पाहिला, हा प्रश्न मी आधी विचारीन.

प्रश्न (चिपळूण) : आमच्या कोकणचा पाऊस या चित्रपटात देवांचा शाप म्हणून दाखवला आहे. येथल्या माणसाला हे पटत नाही. शिवाय तो वाडा कोकणातला वाटत नाही.

उत्तर : वाड्याविषयीचे आपले निरीक्षण अचूक आहे. वाड्याचे चित्रीकरण सासवडला, घाटमाथ्याच्या अलीकडे झाले आहे. पुरंदर तालुक्यातला तो वाडा बुरुजांचा, गढीसारखा, देशावरच्या सरदारी घराण्यांना शोभणारा आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरती कौले आणि पुढे ओटी हे ज्यांनी लहानपणापासून पाहिले आहे त्यांना तो खटकणारच. खरे तुंबाड गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी आहे. चित्रपटातले तुंबाड म्हणजे भूगोलातले तुंबाड नव्हे, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

पावसाबाबत मात्र मी चित्रपटाची बाजू घेईन. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात तो भाताचा दाता असतो आणि संहारकही असतो. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरले ते आपण स्वतः पाहिले असेल. चित्रपटाने या दोन रूपांपैकी एकच उचलले, हे खरे. परंतु पडद्यावरचा पाऊस बव्हंशी खरा आहे. त्यासाठी चित्रीकरण एकाहून अधिक पावसाळ्यांत विभागावे लागले. २०१२ मध्ये सुरू झालेले काम, मधल्या पुनर्चित्रीकरणासह, २०१५ पर्यंत चालले. ओल्या चौकटींवर चढलेले शेवाळ, फुगलेली दारे, अंगाला चिकटलेले पंचे हे नळाच्या पाण्याने साधत नाही. ज्या घरात कपडे आठवडाभर वाळत नाहीत त्या घरातल्या माणसाला हा ओलावा लगेच ओळखू येतो, आणि कोकणातल्या काही वाचकांनी नेमके याच गोष्टीचे कौतुक कळवले आहे.

प्रश्न (सोलापूर) : हस्तर हा कोणत्या पुराणात येतो? आमच्याकडे काही ज्येष्ठ मंडळींनी देवादिकांची विटंबना म्हणून चित्रपटाला नावे ठेवली.

उत्तर : कोणत्याही पुराणात येत नाही. हस्तर आणि त्याची कथा या रूपात चित्रपटकर्त्यांनीच रचली आहे. ती ऐकताना जुनी वाटते, कारण तिचे अवयव, म्हणजे समुद्रासारखी अमर्याद देवी, हावरे लेकरू, अट घालून मिळालेले जीवदान, आपल्या कहाण्यांच्या ओळखीचे आहेत. ज्या देवाची पूजा परंपरेत कोणीही करत नाही त्याच्या चित्रणाने कोणाच्या श्रद्धेला धक्का बसण्याचे कारण मला दिसत नाही. ज्येष्ठांना ही माहिती दिल्यास त्यांचा आक्षेप कदाचित उरणार नाही.

प्रश्न (पुणे) : ही कथा नारायण धारप यांची आहे असे मी ठामपणे सांगतो, तर मित्र म्हणतात की नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीवरून घेतले आहे. खरे काय?

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. १९९३ साली नागझिरा अभयारण्यात एका मित्राने धारपांची ‘आजी’ ही कथा आपल्याला सांगितली आणि बीज तेथे पडले, असे बर्वे यांनी सांगितले आहे. साखळदंडातली म्हातारी तेथून आली. स्वतः धारपांची ‘आजी’ ही अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या एका कथेवर बेतलेली होती, हेही नोंदवले पाहिजे. नाव मात्र पेंडसे यांच्या १९८७ च्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून सुचले. त्या कादंबरीतली खोत घराण्याची कथा आणि हा चित्रपट यांचा कथानकाच्या अंगाने काहीही संबंध नाही.

यावरून ‘मग यात नवे काय?’ असे विचारणारी पत्रेही आहेत. म्हातारीचा प्रसंग चित्रपटाच्या पूर्वार्धातच संपतो. देवी, गर्भ, नाणी, बाप आणि मुलगा हा सारा डोलारा त्यापुढचा आहे आणि तो बर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारला आहे. धारपांचे ऋण उघड मान्य करावे आणि पुढच्या कामाचे श्रेय ज्याचे त्याला द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. धारपांच्या भयकथांवर मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या, पण त्यांच्या ताकदीचा मराठी भयपट क्वचितच निघाला. म्हणूनच ‘हा चित्रपट मराठीत का नाही?’ ही अनेकांची खंत मला समजते. पुणे, कोकण, चित्पावन घर, अनिता दाते आणि ज्योती माळशे यांच्यासारख्या मराठी अभिनेत्री, आणि अनिल बर्वे यांच्यासारख्या मराठी लेखकाचा मुलगा दिग्दर्शक, एवढे जमून आल्यावर भाषाही मराठी असती तर मला मनापासून आवडले असते.

प्रश्न (कोल्हापूर) : शेवटी अचानक अनेक हस्तर कसे निर्माण होतात? सोयीसाठी नियम बदलल्यासारखे वाटले आणि तेथेच चित्रपट माझ्या मनातून उतरला.

उत्तर : घटनाक्रम पुन्हा पाहू. १९४७ आले आहे, वाडा सरकारजमा होणार आहे, त्यामुळे थोडी थोडी नाणी आणण्याऐवजी अख्खी लंगोटीच पळवायची असे बाप-लेक ठरवतात. हस्तरला अधिक वेळ गुंतवून ठेवण्यासाठी ते पुष्कळ बाहुल्या नेतात, आणि प्रत्येक बाहुलीमागे एक हस्तर उभा राहतो. याआधी विनायकाने प्रत्येक खेपेस एकच बाहुली वापरलेली असते, म्हणून आधीच्या कोणत्याही दृश्याशी याची विसंगती नाही. नियम मोडलेला नाही. तो आपल्याला ठाऊक नव्हता आणि त्या दोघांनाही ठाऊक नव्हता.

तरीही आपली नाराजी मी धुडकावणार नाही. अशा कथेत शेवटच्या संकटाची एखादी पुसटशी खूण आधी पेरलेली असली, म्हणजे प्रेक्षकाला फसवणूक वाटत नाही. ती खूण येथे नाही, आणि पटकथेतली ही उणीव मला दोन्ही वेळा पाहताना जाणवली. त्यानंतरचा प्रसंग मात्र ती भरून काढतो. विनायक बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून सगळ्या हस्तरांना आपल्याकडे ओढतो आणि मुलाला वाट करून देतो. हस्तरचा स्पर्श झालेला, विद्रूप झालेला बाप बाहेर येऊन मुलापुढे ती लंगोटी धरतो, कारण देण्यासारखे त्याच्याजवळ दुसरे काहीही उरलेले नाही. पांडुरंग ती घेत नाही, आणि बापाला पेटवून त्याची सुटका करतो. पूर्वी शापाने जखडलेल्या म्हातारीची सुटका विनायकाने अशीच केली होती, पण तिच्याकडून खजिन्याचे गुपित मिळवून. मुलगा काहीही न घेता तेच करतो. हा फरक पुढच्या वेळी पाहताना अवश्य लक्षात घ्यावा.

प्रश्न (ठाणे) : चित्रपटातल्या स्त्रिया केवळ सोसण्यासाठी आहेत का? मैत्रिणींमध्ये यावर मोठा वाद झाला. माझे मत असे की दिग्दर्शकाला त्यांच्याविषयी काही सांगायचेच नव्हते.

उत्तर : या आक्षेपाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. विनायकाची आई वाड्याच्या धन्याची, ‘सरकार’ची, वर्षानुवर्षे सेवा करते ती एका सुवर्णमुद्रेच्या आशेने. तिच्या वाट्याला आलेली लाचारी चित्रपट स्पष्ट दाखवतो आणि तिला निर्णयही देतो, कारण मुलाला घेऊन गाव सोडणारी तीच आहे. ती गेल्यावर मात्र स्त्रिया कडेला सरकतात. विनायकाच्या पत्नीच्या मनात काय चालले आहे, नवरा कोठून पैसा आणतो याचा तिला कितपत अंदाज आहे, घरात दुसरी बाई आल्यावर ती काय ठरवते, याकडे पटकथा पुरेशी वळतच नाही. अनिता दाते यांच्यासारखी अभिनेत्री हाताशी असताना ही मोठी चुकलेली संधी आहे.

मैत्रिणींची बाजूही मांडतो. पुरुषांच्या हव्यासाचे ठिकाण म्हणून चित्रपटाने आईचा गर्भच निवडला आहे. लालसर, ओलसर, धडधडणाऱ्या भिंतींच्या त्या पोकळीत माणसे दोर सोडून उतरतात, ओरबाडतात आणि निघून जातात. देवी एक शब्दही बोलत नाही. ज्या प्रेक्षकांना हे दृश्यरूप भावले त्यांना त्यात पुरुषी लोभावरची सर्वांत कठोर टीका दिसली. मला ती टीका दिसते, परंतु मूक देवीच्या प्रतिमेने जिवंत पत्नीच्या गप्प बसण्याची भरपाई होते असे मी म्हणणार नाही.

प्रश्न (नागपूर) : माझा चौदा वर्षांचा मुलगा वर्गमित्रांकडून ऐकून हट्ट धरून बसला आहे. दाखवावा का?

उत्तर : इतक्यात दाखवू नये. भीतीच्या प्रसंगांपेक्षा मला त्यातली शरीराची विटंबना, माणसाला जिवंत पेटवण्याची दृश्ये आणि स्त्रीपुरुष संबंधांचे चित्रण या वयाला जड वाटते. भयकथेची गोडीच असेल तर धारपांचा एखादा कथासंग्रह आधी स्वतः चाळून, त्याला झेपतील अशा कथा निवडून हाती द्यावा. दोन-तीन वर्षांनी चित्रपट दाखवाल तेव्हा शेजारी बसून पाहावा आणि घरातला सगळ्यांत मोठा पडदा वापरावा.