वाचकांचे प्रश्न : सोनेरी मुखवट्यावर हिरवे डाग कशाचे?

प्रश्न : पेरूतल्या प्राचीन सोनेरी मुखवट्यांच्या फोटोंत कुठेकुठे हिरवे डाग दिसतात. सोनं तर गंजत नाही. मग हे तांब्यावर दिलेलं सोन्याचं पाणी का? आणि त्या लोकांना कांसं माहीत होतं का?

उत्तर : डाग तांब्याचेच, पण बहुतेकदा वरून पाणी दिलेलं नसतं. पत्राच सोनं, चांदी आणि तांबं एकत्र वितळवून केलेला असतो. गोळा ठोकत जायचं. तो कडक झाला की लाल तापवून मऊ करायचा आणि पुन्हा ठोकायचा. तापवण्यात कसूर झाली की कडा चिरतात. दर तावात पृष्ठभागावरच्या तांब्याचा काळा थर बनतो. आंबट वनस्पतिरसासारख्या द्रवात तो विरघळवला की वरचं तांबं कमी होतं, सोन्या-चांदीचं प्रमाण वाढतं. चांदी काढणं अवघड. त्यासाठी हिराकसासारखे लोहक्षार आणि मीठ यांचा लेप चालतो. मागे सोनं उरतं ते तपकिरी, सच्छिद्र, अजिबात न चमकणारं. ते तापवून, घोटून ओप दिला की झळाळी येते. हा थर अतिशय पातळ असतो. जमिनीतला ओलावा आणि क्षार बारीक छिद्रांतून आत शिरतात, आतलं तांबं गंजून वर येतं. म्हणून असा डाग खरवडू नये. त्याच्याबरोबर सोनंही निघतं.

मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की सोनेरी रंग धातूच्या पोटातूनच बाहेर काढलेला आहे. वरून थर चढवणंही अँडीजमध्ये होतं; उत्तर पेरूतल्या लोमा नेग्रा इथल्या मोचे या प्राचीन संस्कृतीच्या कारागिरांनी तांब्याच्या पत्र्यांवर सोन्याचा थर चढवला होता.

कांसंही होतं. उत्तर पेरूतल्या बातान ग्रांदे भागात इ. स. 900 नंतर सिकान संस्कृतीचे लोक आर्सेनिकयुक्त तांबं, म्हणजे एक प्रकारचं कांसंच, गाळत. जमिनीत ओळीने खणलेल्या लहान भट्ट्या, भात्याऐवजी तोंडाने फुंकायच्या नळ्या आणि त्यांना मातीची टोकं. एवढ्या फुंकीत धातू नीट साचत नसे, मळीत, म्हणजे धातू गाळताना उरणाऱ्या कचऱ्यात, त्याचे बारीक थेंब अडकत. मळी दगडी पाट्यावर कुटून ते वेचायचे, मग मुशीत वितळवायचे. थोडं आर्सेनिक पत्र्याला कणखर करतं, फार झालं तर तो ठिसूळ होतो. कथिलाचं कांसं अँडीजच्या दक्षिणेकडचं. इंका साम्राज्याने ते दूरवर नेलं. शाल अडकवायच्या तुपू नावाच्या टाचण्या आणि तुमी नावाच्या सुऱ्या त्यातूनही घडत.