सांगली-मिरजेत गाणं-नाटक शोधायचं तर तिथी धरून चला

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन सांगलीला आल्याला आठ महिने झाले, तिकडे रोज संध्याकाळी कुठे ना कुठे कार्यक्रम असायचा आणि इथे महिना-महिना काहीच दिसत नाही. दुसरं असं, की अकरा वर्षांची मुलगी गाणं शिकते, तिला तानपुरा घ्यायचाय, तो पुण्याच्या दुकानातून मागवावा का. मी सांगलीच्या विश्रामबागेत चाळीस वर्षं राहते, त्यातली तीस शाळेत शिकवण्यात गेली, आणि या दोन्ही प्रश्नांवर सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच आहे. तानपुरा मागवू नका, एवढं आत्ताच सांगते. का ते शेवटी येईल.

तुमची तक्रार अगदीच खोटी नाही. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं इथे शनिवार-रविवारी येतात तेवढीच, आणि मधले आठवडे कोरडे जातात. पण पुण्यात जसं संध्याकाळी जाहिरात बघून निघता येतं तसं इथे होत नाही. इथला रिवाज वेगळा आहे. इथे गाणं आणि नाटक पंचांगाला बांधलेलं आहे. ज्याला तिथ्या माहीत त्याचं वर्ष भरून जातं, आणि ज्याला माहीत नाहीत त्याला गाव रिकामं वाटतं.

सगळ्यात आधी मिरजेचा उरूस. ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा तुम्ही बाहेरून पाहिला असेलच. उरूस हिजरी तारखेवर असल्याने दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका, दर्ग्याजवळच्या कुठल्याही दुकानात विचारा. पहिला मानाचा गलेफ, म्हणजे मजारीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, ही पूर्वापार चालत आलेली रीत आहे. आणि याच उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. खाँसाहेब मूळचे कैरानाचे. मिरजेत आजारी पडले, या दर्ग्यात त्यांची श्रद्धा बसली आणि ते इथलेच झाले. 27 ऑक्टोबर 1937 रोजी दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर त्यांचं निधन झालं. गाडीत बरं वाटेना म्हणून उतरले आणि फलाटावर बसून दरबारी रागाच्या सुरांत प्रार्थना करत गेले असं सांगतात. देह मिरजेला आणला आणि दर्ग्याच्या आवारातच दफन केला. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर त्यांच्या कन्या. म्हणजे किराणा घराण्याचं गाणं आज जिथे जिथे ऐकू येतं त्याची एक मुळी या आवारात आहे.

ही सभा रात्रभर चालते. तिकीट नाही, राखीव खुर्च्या नाहीत. कलाकार इथे बिदागीसाठी येत नाहीत, हजेरी लावायला येतात. मोठ्या नावाचा गायक आणि कालपरवा शिकायला लागलेला मुलगा एकाच बिछायतीवर बसून गातात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती. नातवाला मांडीवर झोपवून ती पहाटेपर्यंत ऐकत होती. मला राग ओळखता येत नव्हता, तिला येत होता. तेव्हापासून बावीस वर्षांत माझा उरूस दोनदाच चुकलाय. मुलीला घेऊन जा. शाल न्या, पाण्याची बाटली न्या, आणि दहा वाजता उठून परतायचं असं ठरवून जाऊ नका. खरं गाणं रात्री बारानंतर लागतं.

नवरात्रात मिरजेच्याच अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव असतो, तोही वर्षानुवर्षांचा. देवळातली बैठक लहान असल्याने गवयाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. शिकणाऱ्या मुलांसाठी मी उरुसापेक्षा हाच आधी सुचवीन.

मिरजेतच हे सगळं का, असं तुम्हाला वाटेल. एक तर पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. दुसरं, पुणे, बेळगाव-हुबळी आणि कोल्हापूर अशा तिन्ही बाजूंच्या गाड्या इथे मिळतात, त्यामुळे धारवाडकडचा गवई आणि पुण्याकडचा गवई दोघांच्याही वाटेवर हे गाव होतं. तिसरं, इथले दवाखाने. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, उपचारासाठी मिरजेला आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकू लागले. पुढे 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. डोळे दाखवायला आलेला मुलगा गाणं घेऊन गेला. बालगंधर्वांचं रंगभूमीवरचं पहिलं पाऊलही मिरजेतच पडलं, 1905 साली, शाकुंतलात शकुंतला म्हणून. आज तिथल्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे.

आता सांगली. 5 नोव्हेंबर तारीख डायरीत लिहून ठेवा. 1843 साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या दरबारी ‘सीता स्वयंवर’ केलं आणि मराठी रंगभूमी तिथून मोजली जाते. आदल्या वर्षी कर्नाटकातून भागवत मंडळींचा खेळ सांगलीत आला होता. तो पाहून अप्पासाहेबांनी आपल्या पदरच्या तरुणाला सांगितलं, असंच काही मराठीत करून दाखव. म्हणजे आपल्या नाटकाचं बी कानडी मुलखातून आलं आणि सांगलीत रुजलं. सरहद्दीवरच्या गावाला हे शोभून दिसतं. भाव्यांच्या त्या खेळात सूत्रधार पदं म्हणायचा, विदूषक मध्ये मध्ये बोलायचा आणि राक्षस आरडाओरडा करत यायचे. लिहून काढलेले संवाद फारसे नसायचेच. दरवर्षी रंगभूमी दिनी भावे नाट्यमंदिरात विष्णुदास भावे गौरव पदक दिलं जातं. त्याला एकदा तरी जावं.

पण मला विचाराल तर त्या सोहळ्यापेक्षा राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत सांगलीचा प्रेक्षक जास्त कळतो. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात ती होते, तिकीट अगदी नाममात्र. दिवसा बँकेत, शाळेत, एसटीत काम करून रात्री तालमी केलेली माणसं रंगमंचावर असतात. सगळीच नाटकं चांगली नसतात, काही लांबतात, काहींत प्रकाशयोजना कोसळते. पण दरवर्षी त्यातलं एखादं नाटक असं निघतं की घरी येऊन झोप लागत नाही. मी तिथे पाहिलेली दोन नाटकं आजही प्रवेशासकट आठवतात, आणि ती पुढे कुठेच झाली नाहीत. मोकळ्या खुर्च्या बघून मात्र पोटात तुटतं. एका वर्षी आम्ही प्रेक्षक मोजून तेवीस होतो आणि नाट्यगृहातले पंखे बंद होते. नटांनी तरीही दोन अंक पूर्ण ताकदीने केले. ‘इथे काही नाही’ असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा मला ती रात्र आठवते, म्हणून एवढं लिहितेय. चौघांचं कुटुंब गेलं तर तिथे फरक पडतो.

एखाद्या रविवारी सकाळी हरिपूरला जा. कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म याच गावचा, 1855 सालचा. ‘संगीत शारदा’ 1899 सालची. म्हाताऱ्या श्रीमंताशी कोवळ्या पोरीचं लग्न लावणाऱ्या समाजाला त्यांनी भर नाटकगृहात आरसा दाखवला, आणि तोही गाण्यांतून. संगमावर उभं राहिलं की एवढ्याशा गावातून हे नाटक निघालं याचं नवल वाटतं. जमिनीखाली हळद साठवायच्या पेवांसाठीही हरिपूर प्रसिद्ध, तेही कोणा जाणत्याला विचारून बघा. नाटककार खाडिलकर खुद्द सांगलीचे, 1872 चे. त्यांच्या ‘कीचकवधा’वर इंग्रज सरकारने बंदी घातली होती. आणि दीनानाथ मंगेशकरांचा पडता काळ सांगलीत गेला, लताबाईंचं लहानपणही.

एक गोष्ट मला खूप मनापासून सांगायची आहे. सांगलीला नाट्यपंढरी म्हणताना आपण भावे, देवल, खाडिलकर ही तीन नावं घेतो आणि थांबतो. सांगलीपासून थोड्याच अंतरावर कवलापूर आहे. तमाशातले शिवा-संभा कवलापूरकर तिथले, काळू-बाळू तिथले. ‘जहरी प्याला’त हवालदार झालेल्या या जुळ्या भावांनी गावोगावच्या जत्रा हसवून सोडल्या. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, अण्णाभाऊ साठे त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे. नाट्यगृहात चाललं तेवढंच नाटक आणि कनातीत चाललं ते दुसरंच काहीतरी, अशी वाटणी मला कधीच पटली नाही. बोर्डावर उभं राहून समोरच्या पाच हजार माणसांना माइकशिवाय आवाज पोचवणं ही विद्या आहे. चैत्र-वैशाखात आसपासच्या गावांच्या यात्रांमध्ये अजून तमाशाचे फड येतात. जमलं तर बघा.

बाकीचं थोडक्यात. गणपतीत दुसऱ्या दिवशी तासगावचा रथोत्सव, दोरांनी माणसं रथ ओढतात. अनंत चतुर्दशीला मिरजेतली मिरवणूक आणि त्या वाटेवरच्या रंगवलेल्या स्वागत कमानी. कमानी रात्रीपेक्षा आदल्या दिवशी सकाळी चालत बघाव्यात, म्हणजे चित्रकाराचा हात दिसतो. आणि 14 जानेवारीला कृष्णाकाठी औदुंबरचं साहित्य संमेलन. 1939 पासून संक्रांतीला भरतं. कवी सुधांशूंनी सुरू केलेलं. दत्ताच्या देवळाजवळ, नदीच्या वाऱ्यात बसून ऐकलेली कविता सभागृहात ऐकल्यासारखी वाटत नाही.

आता तानपुरा.

घरापासून दहा किलोमीटरवर मिरजेची सतारमेकर गल्ली असताना पुण्याहून तानपुरा मागवायचा म्हणजे विहिरीकाठी राहून टँकर बोलावण्यासारखं आहे. पुण्याच्या दुकानातला तानपुरासुद्धा बहुधा इथूनच गेलेला असतो. ही घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारं घडवणारी आणि धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सुटत गेलं तेव्हा तोच हात वाद्यांकडे वळला. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव तिथे अजून आदराने घेतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. खायचा भोपळा वेगळा. हा कडू, जाड सालीचा. तो महिनोन्‌महिने वाळवतात, मग भिजवून, कापून, आतून आकार देऊन पुन्हा वाळवतात. तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, आणि दांडी तुणीच्या लाकडाची. वर लाखेचं पॉलिश. पण वाद्याचा जीव असतो तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरच्या जवारीत. घोडीचा माथा कानशीने इतका अलगद उतरता करतात की तार त्याला टेकते-न टेकते अशी घासत जाते आणि एका सुरातून दहा सूर निघू लागतात. त्या तारेखाली सुती दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. हे काम मोजपट्टीने होत नाही, कानाने होतं. मी एका कारागिराला एका घोडीवर अख्खी दुपार घालवताना पाहिलंय. दोन फिरत्या, मग तार चढवून ऐकायचं, मान हलवायची, तार उतरवायची, पुन्हा कानस.

हे कारागीर आता कमी होत चाललेत. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग मोबाइलमधला आला. भोपळा लावणारे शेतकरीही घटले, कारण उसाएवढे पैसे त्यात नाहीत. घरच्या मुलांनी दुसऱ्या नोकऱ्या धरल्या तर त्यांना दोष कसा द्यायचा? माझं म्हणणं एवढंच की ज्याला परवडतं त्याने खरा तानपुरा घ्यावा. या कारागिरीची पुढची शंभर वर्षं एकेका गिऱ्हाइकावर उभी आहेत. आणि सराव करणाऱ्या मुलीच्या कानासाठीही फरक पडतोच. यंत्रातला सूर एकसारखा येतो. लाकडातला सूर तिला स्वतः लावावा लागतो, आणि लावता लावताच ती ऐकायला शिकते.

घेताना काही गोष्टी बघा. बायकी तानपुरा लहान असतो, पुरुषी मोठा. मुलगी अकराची आहे, तिच्या मांडीत आणि बोटांत बसेल असाच घ्या, मोठेपणी उपयोगी पडेल म्हणून थोराड घेऊ नका. नक्षीकामावर पैसे घालू नका, आवाजाला त्याचा काही उपयोग नाही. भोपळ्याला चीर आहे का ते उजेडात फिरवून बघा. बोटाने टिचकी मारा, भरीव बद्द आवाज आला तर दुसरा मागा. खुंट्या घट्ट बसून सुरात राहतात का ते पाहायला अर्धा तास तरी थांबा. नवा तानपुरा लगेच खुलत नाही, वर्षभर वाजता राहिला की मोकळा होतो. इथल्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, तेव्हा भिंतीला टेकवून ठेवू नका आणि बरेच दिवस वाजवणार नसाल तर तारा थोड्या सैल करा. वर्षा-दोन वर्षांनी जवारी परत काढून घ्यावी लागते, आणि तेवढ्यासाठी तुम्हाला दहा किलोमीटर जायचंय, ही तुमची केवढी मोठी सोय!

तयार वाद्य उचलून आणण्यापेक्षा आधी एकदा नुसतेच जा. चहा घ्या, काम बघत बसा. मग ऑर्डर द्या आणि न्यायच्या दिवशी मुलीला बरोबर घ्या, शाळा बुडली तरी चालेल. तिच्या गुरूंना तिची पट्टी, म्हणजे पेटीतल्या कुठल्या सुराला ती ‘सा’ धरते ते, आधी विचारून ठेवा, काळी चार की पाच. कारागीर तिला ‘सा’ लावायला सांगेल. तिने न लाजता लावावा, कारण जवारी तिच्याच त्या ‘सा’वर उघडायची असते.