दाढेसारखा दिसणारा जीवाश्म दात सस्तन प्राण्याचाच असतो का?

नाही. नुसत्या आकारावरून तसं ठरवू नका. ज्याला खाणं फोडून, दळून खावं लागलं, त्याच्या तोंडात दाढेसारखं काहीतरी तयार होत गेलं, मग तो मासा असो की मगर.

टांझानियातला पाकासुकस बघा. सुमारे साडेदहा कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, मगरींच्या गोतावळ्यातला. पण पुढे सुळे, मागे उंचवट्यांच्या दाढा, आणि वरच्या-खालच्या दाढा एकमेकींत नीट बसणाऱ्या! २०१० साली त्याचं वर्णन छापून आलं तेव्हा मी थक्क झालो होतो. त्याची एक सुटी दाढ कुणी हातावर ठेवली असती, तर मीही ती सस्तनाचीच म्हटली असती.

मी आधी मुळं बघतो. सस्तनांच्या दाढेला बहुधा दोन किंवा जास्त मुळं असतात, सरपटणाऱ्यांच्या दाताला बहुतेकदा एकच. मग झीज. दात भिंगाखाली तिरपा धरून सावकाश फिरवला की घासून गुळगुळीत झालेले बारीक उतार एकदम चमकून जातात. सस्तनांच्या कायमच्या दाढा पुन्हा येत नाहीत. वरची-खालची जोडी वर्षानुवर्षं तीच राहते, म्हणून हे उतारही ठरलेल्या जागी पडतात. सरपटणाऱ्यांचे दात मात्र सहसा आयुष्यभर पडत आणि नवे येत राहतात.

खरी गंमत सस्तनांच्या आतच आहे. आपल्या दाढेचा मूळ नमुना खलबत्त्याचा: वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या मागच्या खळग्यात उतरतो. चीनमधल्या जुरासिक काळातल्या शुओथेरियम या सस्तनाच्या खालच्या दाढेत मात्र हा खळगा चक्क पुढच्या बाजूला आहे. काम तेच, वाट वेगळी. म्हणून खळगा दिसला की लगेच नातं जोडायचं नाही, तो कुठल्या बाजूला आहे ते आधी बघायचं.

आणि दात फार झिजलेला असेल तर घाई नकोच. १९२२ मध्ये नेब्रास्कातल्या अशाच एका झिजलेल्या दाढेवरून अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ ऑसबॉर्न यांनी अमेरिकेतला मानवसदृश वानर जाहीर केला. पुढच्या खोदकामात ती दाढ पेकरी या डुकरासारख्या प्राण्याची निघाली आणि १९२७ मध्ये तो दावा मागे घेतला गेला.

तुमच्या हाती खरंच असा दात असेल, तर त्याला चिकटलेला दगड खरवडून काढू नका. कुठल्या थरातला आहे ते त्यावरूनच कळतं.