‘सहासष्ट’ म्हणता यावं म्हणून किती खर्च करायचा?

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. समोरचे वरचे-खालचे दात मिटत नाहीत, मध्ये फट राहते आणि ‘स’चा ‘थ’ होतो. वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की गप्प राहते. डॉक्टरांनी धातूच्या तारांचे ४८,००० रुपये सांगितलेत (१२,००० आधी, मग १८ महिने २,०००, एकरकमी दिले तर ३,००० सूट) आणि पारदर्शक अलाइनरचे (दातांवर बसवायचे, काढता-घालता येणारे साचे) १,६०,०००. मिस्टरांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, मी शिकवण्या घेते. दोघांचे मिळून सरासरी ४२,००० येतात, पण कमी-जास्त. बचत खात्यात ३५,०००, पतसंस्थेत २ लाखांची ठेव (मुदत सात महिन्यांनी संपते), महिना ५,००० ची भिशी आणि मुलीचं सुकन्या खातं आहे. अलाइनर क्रेडिट कार्डावर बिनव्याजी हप्त्याने घ्यावेत, सुकन्या मोडावी, माझ्या पाटल्या गहाण ठेवाव्यात, की दहावीनंतर बघावं?
– एक आई, कसबा बावडा, कोल्हापूर

ताई, तुम्ही पाठवलेलं रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं. मुलगी एकसष्टपासून आकडे म्हणते. ‘बाथष्ट’, ‘त्रेथष्ट’ असं होत होत आवाज बारीक होत जातो आणि सहासष्टला ती थांबते. मागून तुमचा आवाज येतो, “म्हण बाळा,” आणि रेकॉर्डिंग संपतं. आकडे हा माझा रोजचा धंदा, पण मराठी आकड्यांत ‘स’ इतके आहेत हे मला त्या दिवशी जाणवलं.

खर्च करा. आत्ताच करा, धातूच्या ताराच घ्या. फक्त पहिला रुपया तारांवर घालू नका.

का, ते सांगतो. ‘स’ म्हणताना जीभ दातांच्या मागे थांबते आणि हवा बारीक फटीतून शिट्टीसारखी बाहेर पडते. समोरचे दात मिटत नसतील तर जीभ त्या मोकळ्या जागेतून पुढे येते आणि ‘स’चा ‘थ’ होतो. ‘चमचा’ आणि ‘जाड’ यांतले दंत्य च-ज याच जागचे, म्हणून मराठी मुलांना ही अडचण जास्त शब्दांत नडते. तारांनी दात मिटले की जिभेला तिची जागा मिळते. पण अकरा वर्षांची सवय दात सरळ झाले म्हणून आपोआप सुटत नाही. काही मुलांची सुटते, बऱ्याच जणांना स्पीच थेरपिस्टकडे जिभेचे व्यायाम करावे लागतात. उलटंही घडतं. गिळताना जीभ दातांवर ढकलायची सवय असेल, तर तिनेच ती फट पाडलेली असू शकते, आणि सवय तशीच राहिली तर तारा काढल्यावर दात पुन्हा उघडतात. म्हणजे ४८,००० पाण्यात. (आणि कोणी सांगितलं की तारांनी तोतरेपणाही जातो, तर ऐकू नका. अडखळणं आणि उच्चार चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी.)

म्हणून तुमच्या अंदाजपत्रकात मला सगळ्यात मोठी चूक दिसली ती ही, की त्यात फक्त तारा आहेत. मी असा धरतो : तारा ४८,०००. थेरपीच्या आठवड्याला एक याप्रमाणे २६ बैठका, प्रत्येकी ५०० धरून १३,०००. तारा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून लागणारा रिटेनर ६,०००. एक्स-रे, निसटलेला ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरणारा तुकडा), जाण्यायेण्याचा खर्च ५,०००. एकूण ७२,०००, दोन वर्षांत. महिन्याला ३,००० पडतात. हे आकडे तुमच्या डॉक्टरांकडे आणि थेरपिस्टकडे विचारून दुरुस्त करा, पण चारही रकाने ठेवा. तारांवर सगळे पैसे संपवून थेरपी सोडलेली दोन घरं माझ्याच अशिलांमध्ये आहेत.

अलाइनरला मी स्पष्ट नाही म्हणतो. बारा हप्ते धरले तर महिन्याला १३,३०० चा हप्ता म्हणजे तुमच्या सरासरी कमाईचा जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि वर्कशॉपला एखादा महिना मंदा गेला की कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. ‘बिनव्याजी’ म्हणताना व्याज बहुतेक वेळा किमतीतच घातलेलं असतं. रोख दर किती, एवढंच विचारून बघा. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. अलाइनर दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवेत आणि डबा खाताना काढून ठेवायचे असतात. सहावीतल्या पोरीकडून एक हरवणारच.

सुकन्या मोडायचा प्रश्नच येत नाही. मुलगी १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर, तेही शिक्षणासाठी, निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मुदतीआधी खातं बंद करायची वैद्यकीय सवलत जिवावरच्या आजारासाठी आहे. पाटल्या कपाटातच राहू देत, ७२,००० दोन वर्षांत विभागल्यावर गहाण टाकायची वेळच येत नाही. मेडिक्लेमकडून आशा धरू नका. अपघाताखेरीज दातांचे उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात, तरी तुमची पॉलिसी एकदा काढून वाचा.

आता एकरकमी भरण्यावरच्या ३,००० च्या सवलतीबद्दल. निव्वळ व्याजाचं गणित केलं तर सूट जिंकते, हे मी लपवणार नाही. उरलेले ३६,००० हप्त्याने देताना ते पैसे बँकेत सात टक्क्यांनी राहिले, तर जेमतेम २,००० मिळतील. तरीही माझं मत हप्त्यांचं आहे. तुमच्या खात्यात ३५,०००च आहेत, एका महिन्याच्या घरखर्चाइतकेसुद्धा नसतील. लेथ बंद पडला तर काय करणार? आणि उपचार अर्ध्यावर बदलायची वेळ आली, तर आधी दिलेले पैसे परत मिळवणं अवघड जातं. तेव्हा १२,००० बचत खात्यातून द्या, २,००० दर महिन्याच्या घरखर्चातून, आणि थेरपीचा खर्च शिकवण्यांच्या पैशातून. भिशी लागली की ते ६०,००० (बारा जणांची भिशी धरून) सोन्यात किंवा सणात न घालवता वेगळ्या खात्यात टाका. उरलेले दोन रकाने त्यातूनच भागतील, बाकी अडीनडीला.

पतसंस्थेच्या ठेवीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, मीच सांगतो. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. मुदत संपली की सगळी रक्कम तिथेच पुन्हा ठेवू नका. किमान १ लाख बँकेत आणा आणि त्याला हात लावू नका. तोवर फारच नड आली तर ठेव मोडण्याआधी ठेवीवर कर्ज किती दराने मिळतं ते विचारा.

दहावीपर्यंत थांबायचा विचार मला पटत नाही. जबडा वाढत असताना टाळू रुंद करणं किंवा दात हलवणं सोपं जातं, वाढ थांबल्यावर तेच काम अवघड आणि बऱ्याचदा महाग होतं. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टची (दात सरळ करणाऱ्या दंतवैद्यांची) संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षीच करा म्हणते. आणि चार वर्षं वर्गात गप्प बसलेल्या मुलीचा हिशेब मी कुठल्या रकान्यात मांडू?

दुसरं मत घ्यायचं असेल तर नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय. अशा ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च सहसा कमी येतो. पण दर महिन्याला कामाच्या दिवशी जावं लागेल. मिस्टरांचा अर्धा दिवस आणि तिची शाळा, दोन्ही त्या हिशेबात धरा.

येत्या आठवड्यात करायचं ते एवढंच : आधी कानाची तपासणी. बारीक आवाजाचा ‘स’ नीट ऐकू येत नसेल तर तो म्हणताही येत नाही. मग स्पीच थेरपिस्टची एक भेट. त्यांचा कागद घेऊन दंतवैद्यांकडे जा आणि विचारा, “ही फट जिभेच्या सवयीने पडली आहे का? तसं असेल तर सवय मोडायला काय करणार?” समाधानकारक उत्तर मिळालं की १२,००० भरा. तारा बसवायच्या आदल्या दिवशी तिच्याकडून एकसष्ट ते सत्तर पुन्हा म्हणवून घ्या, ती थांबेल तिथे थांबू दे, आणि तारीख टाकून फोनमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी थेरपिस्टला ते लागेल. मलाही पाठवा.