प्रेक्षकांची आवड बदलली की खेळाचं घड्याळ बदलतं

प्रेक्षकांच्या आवडीनिवडी बदलत चालल्या आहेत, त्यामुळे लोकप्रिय खेळांचं पुढे काय होईल, असा तुमचा प्रश्न आहे. सगळ्या खेळांबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. गिरणगावातल्या मातीच्या मैदानावर मी बारा वर्षं डावा कोपरा, म्हणजे बचावफळीच्या डाव्या टोकाची जागा, खेळलो आणि आता तिथेच संध्याकाळी मुलामुलींना शिकवतो. म्हणून कबड्डीवरून सांगतो.

माझ्या डोळ्यांसमोर जे बदललं त्यावरून एक गोष्ट खात्रीने सांगता येते. आवड बदलली की खेळातून सगळ्यात आधी वाट पाहणं कापलं जातं.

आम्ही खेळायचो तेव्हा चढाईला घड्याळ नव्हतं. दम हेच घड्याळ. कबड्डी-कबड्डीचा सूर तुटेपर्यंत चढाई, आणि पंचांचा कान त्या सुरावर. चढाईपटू निदान रेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा, ओलांडायचा, दोन्ही कोपरे चाचपायचा आणि काही न करता परत यायचा. ही रिकामी चढाई. नवख्या माणसाला वाटायचं, काहीच घडलं नाही. पण मैदानाच्या कठड्यावर बसलेले गिरणी कामगार एकमेकांना सांगत असायचे, ‘मधला उगाच पुढे येतोय, पुढच्या वेळी हा त्यालाच उचलणार.’ आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. ते नुसते प्रेक्षक नव्हते, खेळाचे वाचक होते.

मग 26 जुलै 2014 आला. वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये यू मुंबा आणि जयपूर यांच्या सामन्याने प्रो कबड्डी ही व्यावसायिक लीग सुरू झाली. पहिल्याच मोसमात टीव्हीवरच्या प्रेक्षकांचा आकडा 43 कोटींच्या वर गेल्याचं जाहीर झालं. हा नवा प्रेक्षक कठड्यावरचा नव्हता. त्याला रिकामी चढाई वाचता येत नव्हती, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. त्याच्यासाठी चढाई तीस सेकंदांची झाली. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर एक गुण जास्त.

हे नियम वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. आघाडी घेतलेला संघ शेवटची पाच मिनिटं रिकाम्या चढाया करून वेळ काढायचा, ते आम्हालाही आवडत नव्हतं. तिसऱ्या चढाईने तो प्रकार जवळजवळ बंद केला. पण नियम बदलला की खेळाडूही बदलतो, हे बाहेरून दिसत नाही. आता संघात तिसऱ्या चढाईसाठी वेगळा गडी ठेवतात. तिघंच उरले की संघ घाबरत नाही. उलट दबा धरून बसतो, कारण तेव्हाच पकडीचे दोन गुण मिळतात. पूर्वी तिघं उरले म्हणजे लोण (अख्खा संघ बाद) डोक्यावर आलाच, असं समजून आमचे हातपाय गळायचे. तोच क्षण आज हल्ल्याचा झालाय. मला हे मनापासून आवडतं.

2025 च्या मोसमापासून प्रो कबड्डीत साखळीतला सामना बरोबरीत सोडायचंही बंद झालं. बरोबरी झाली की दोन्ही संघांना पाच-पाच चढाया आणि निकाल. बरोबरी ही न्याय्य गोष्ट असते. दोन संघ तोडीस तोड खेळले, एवढंच ती सांगते. पण निकाल लागल्याशिवाय उठायची सवय आता लोकांना राहिलेली नाही.

पुढचा बदल मला माझ्या भाच्यात दिसतो. गेल्या वर्षी त्याला एका स्थानिक स्पर्धेला घेऊन गेलो. समोर अंतिम सामना रंगलेला आणि हा मोबाइलवर फजल अत्राचलीच्या पकडी बघत होता, वीस-वीस सेकंदांच्या. मी खांद्यावर हात ठेवला तर म्हणाला, ‘मामा, इथे हा एवढा वेळ का काढतोय?’ समोरचा चढाईपटू डाव्या कोपऱ्याला मुद्दाम झुलवत होता. फजल इराणचा, पण डावा कोपराच. त्याच्याही पकडीआधी असंच झुलवणं झालेलं असतं, फक्त ते त्या वीस सेकंदांत नसतं.

यू मुंबा, पाटणा, गुजरात, पुणे, बंगाल, दिल्ली, फजल जिथे जाईल तिथे भाच्याची निष्ठा जाते. आमची निष्ठा गल्लीशी आणि मंडळाशी होती. येत्या काळात माणसं संघांपेक्षा खेळाडूंची होतील, पूर्ण सामन्याऐवजी तुकडे बघतील आणि खेळ त्या तुकड्यांच्या सोयीने घडवला जाईल. क्रिकेटमध्ये हे आधीच झालंय. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट जातंय ते ट्वेंटी-ट्वेंटी होऊन.

मात्र ‘लोकांना आवडत नाही’ हे कारण ऐकलं की मी सावध होतो. 2016 मध्ये प्रो कबड्डीसोबत मुलींचे तीन संघ खेळवले. अंतिम सामना 24-23 असा सुटला, म्हणजे चुरस आणखी किती हवी! तरीही ती स्पर्धा पुढे चालू राहिली नाही. 2012 मध्ये पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या मुली होत्या. नोव्हेंबर 2025 मध्ये ढाक्यात पुन्हा जिंकला. त्यांच्या खेळात काय कमी होतं? त्याच नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत महिला क्रिकेटचा विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा स्टेडियम भरलेलं होतं. 2023 पासून महिलांची लीग दरवर्षी टीव्हीवर दिसली, पोरींची नावं घराघरांत पोचली आणि मग गर्दी झाली. आवड आकाशातून पडत नाही. जे रोज समोर दिसतं त्याची आवड लागते, आणि काय दाखवायचं हे कोणीतरी ठरवत असतं. खेळांचं भविष्य विचारताना हा प्रश्न आधी विचारायला हवा.

मला काळजी आहे ती वाचणाऱ्या डोळ्यांची. 2018 मध्ये जकार्तात आशियाई खेळांत इराणने आपल्या पुरुष संघाला उपांत्य फेरीत हरवलं. त्यांच्या बचावफळीचा संयम बघून माझ्या पोटात कालवलं, कारण तो संयम एके काळी आमच्या कठड्यावर प्रेक्षकांतही होता. तुकडे बघून पकड शिकता येते, पण पकडीची वेळ शिकता येत नाही.

म्हणून मी आता सरावात रोज दहा मिनिटं निम्म्या पोरांना बाहेर बसवतो. फोन पिशवीत. आत फक्त रिकाम्या चढाया चालतात आणि बाहेरच्यांनी काय दिसलं ते बोलायचं. पहिला आठवडा नुसती चुळबुळ. परवा मात्र सातवीतली एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, ती एकदम म्हणाली, ‘सर, ही बोनस गुणासाठी मागच्या रेषेपलीकडे पाय टाकायला जाणार नाही. तिचं सगळं वजन पुढच्या पायावर आहे.’